लॅब्रेडॉरचं पिल्लू चावतं, घरभर शू करतं, एकटं राहत नाही: जरा सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट समजलंय का ते तुम्हालाही कळेल. घोडबंदर रोडला सतराव्या मजल्यावर टूबीएचके. घरात तुम्ही दोघं नोकरीवाले, सात वर्षांचा मुलगा, सासू-सासरे. मे महिन्याच्या सुट्टीत लॅबचं पिल्लू आणलं, विकणाऱ्याने ३५ दिवसांचं म्हणून दिलं, आता ते तीन महिन्यांचं झालंय. नाव ब्रुनो (दर दुसरा लॅब ब्रुनोच असतो, असो). तक्रारी चार. संध्याकाळी हातापायांना चावतो, मुलाच्या पोटरीवर रक्त आलं. पेपर टाकून ठेवले तरी कुठेही शू करतो, खाली फिरवून आणलं की वर येऊन करतो. दुपारी आजी-आजोबा दार लावून झोपले की हॉलमध्ये रडून बिल्डिंग डोक्यावर घेतो, त्यावरून सोसायटीची नोटीस आली. आणि मोजा तोंडातून काढायला गेलं की आता गुरगुरायला लागलाय. सासूबाई म्हणतात शू केली की नाक त्यात घासा, मिस्टर म्हणतात पेपरची गुंडाळी करून मारा, आणि तुम्ही विचारताय की शिक्षा नेमकी कशी करायची, का सरळ गावी सोडून यायचं.

मी ठाणे-मुंबईत घरोघरी जाऊन पाळीव कुत्र्यांच्या वागणुकीचंच काम करते, आणि तुमच्यासारखं घर मला दर आठवड्याला भेटतं. खरं सांगू का, यातली एकही गोष्ट कुत्रा बिघडल्याची खूण नाहीये. चावणं, शू, रडणं, गुरगुरणं या चार वेगळ्या तक्रारी वाटतात, पण जवळजवळ सगळ्या दोन ठिकाणाहून येतात. एक म्हणजे पिल्लाची झोप-खाणं-शू यांचं वेळापत्रक घरात कुणाकडेच नाहीये, आणि दुसरं म्हणजे पाच माणसं एकाच गोष्टीला पाच वेगळी उत्तरं देतायत. म्हणून शिक्षेचा प्रश्न जरा बाजूला ठेवू, त्याच्याकडे येतेच.

आधी दोन गोष्टी ज्या आजच्या आज करायच्या. मुलाला रक्त आलंय ना, ती जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायची असते आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची असते. धुतली नसेल, दाखवली नसेल तर हे वाचून झाल्यावर नाही, आत्ता जा. घरचंच पिल्लू आहे, दोन डोस झालेत, दुधाचे दात आहेत, ही कारणं रेबीजच्या बाबतीत चालत नाहीत, इंजेक्शन लागेल का नाही ते डॉक्टर ठरवतील. आणि दुसरं, ब्रुनोला एकदा व्हेटकडे (जनावरांच्या डॉक्टरांकडे) लघवी तपासायला न्या. थेंब थेंब होतेय, फार वेळा होतेय, करताना कण्हतोय असं काही असेल तर इन्फेक्शन असू शकतं आणि मग मी सांगितलेलं कितीही केलंत तरी घर ओलंच राहील.

आता चावणं. कुत्र्याच्या पिल्लाला २८ दुधाचे दात असतात, सुईसारखे, आणि जग ओळखायला त्याच्याकडे हात नाहीत, तोंडच आहे. चावताना जोर किती लावायचा हे ते भावंडांकडून शिकतं. जास्त जोरात चावलं की समोरचं भावंड केकाटतं, खेळ सोडून निघून जातं, आईसुद्धा उठून जाते, असं शेकडो वेळा होतं तेव्हा तोंड हलकं पडतं. हे शिक्षण आठ आठवड्यांपर्यंत तरी चालायला हवं. तुमचा ब्रुनो पाचव्या आठवड्यात तिथून उचलला गेला, म्हणजे ती शाळा अर्धीच झाली आणि राहिलेले वर्ग तुमच्या घरी चाललेत. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकताच येत नाही, पण ‘जितकं लहान तितका लळा लागतो’ असं सांगून सर्रास विकतात. तुम्हाला टोमणा मारायला नाही म्हणत, पुढे कुणी मैत्रीण पिल्लू घेत असेल तर तिला सांगता यावं म्हणून.

पण तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात कामाचा शब्द वाटला तो ‘संध्याकाळी’. सकाळी तो ठीक असतो, साडेसहा-सात वाजले की अंगात आल्यासारखा करतो, सोफ्यावरून उड्या, गाऊनला लटकणं, पोटऱ्या. लोक म्हणतात एनर्जी खूप आहे, दमवा त्याला. मी म्हणते तो आधीच दमलाय. लग्नघरात उशिरापर्यंत जागवलेलं पोर कसं उगाच धिंगाणा घालतं आणि हात लावला की भोकाड पसरतं, अगदी तसंच. या वयाच्या पिल्लाला चोवीस तासांत साधारण १८ तास झोप लागते. तुमच्या घरात त्याला ती मिळतेय का बघा. सकाळी डबे-शाळेची गडबड, दहाला बाई भांडी घासायला, दुपार रडण्यात गेली, चारला मुलगा शाळेतून येतो, मग त्याचे मित्र ‘डॉगी बघायला’ येतात, सहाला तुम्ही, सातला मिस्टर, आणि प्रत्येकजण आला की याला उठवून लाड. मग सात वाजता पोटऱ्या नाही फोडणार तर काय.

म्हणून पहिला उपाय झोपेचा. तासभर जागा, मग दीड-दोन तास झोप, असा ढोबळ हिशोब धरा. हॉलच्या एका कोपऱ्यात प्ले पेन (पिल्लासाठीचं छोटं कुंपण) लावा किंवा पॅसेजला लहान मुलांसाठी मिळतं ते गेट लावा, आत चादर, पाणी आणि चघळायला काहीतरी. ही जागा शिक्षेची नाही, तिथे जेवण मिळतं, तिथेच झोप येते. आणि घरातल्या सगळ्यांना एकच नियम, झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, आजोबांनीही नाही. दुपारी साडेचार ते सहा त्याची सक्तीची झोप ठेवा आणि मग चार-पाच दिवसांनी संध्याकाळ कशी जाते ते बघा. बऱ्याच घरांत चावणं यानेच निम्म्यावर येतं आणि लोकांना वाटतं मी काहीतरी जादू केली.

उरलेलं निम्मं शिकवून जातं. दात लागले की हात झटकू नका, झटकलेला हात म्हणजे पळणारा उंदीर, तो अजून जोरात धरणार. हात ढिला सोडा, खेळ थांबवा, एक शब्द न बोलता गेटच्या पलीकडे जा, वीस-तीस सेकंदांनी परत या. परत चावला, परत जा. कंटाळा येतो, मान्य आहे, पहिल्या दिवशी तुम्ही गेट ओलांडून ओलांडून दमाल. पण त्याला कळायला हवं ते इतकंच, की दात लागले की माणूस नाहीसा होतो. ‘आई गं’ करून ओरडावं का असं बरेच जण विचारतात. ते पिल्लावर आहे. काही पिल्लं दचकून सोडतात, काहींना किंचाळण्याने अजून चेव येतो. एकदा करून बघा, डोळे चमकले आणि शेपूट हलली तर परत करू नका.

मुलासाठी वेगळं सांगते, कारण सात वर्षांच्या पोराला ‘पळू नकोस’ म्हणून काही होत नाही. त्याला स्टॅच्यू खेळायला शिकवा. ब्रुनो पायाशी आला की स्टॅच्यू, हात काखेत, नजर छताकडे, आवाज नाही. जो जास्त वेळ स्टॅच्यू राहील तो जिंकला. आधी तुम्ही दोघांनी त्याच्यासमोर खेळून दाखवा, ब्रुनो नसताना. हलणारं काही नसलं की पिल्लाला दहा सेकंदांत कंटाळा येतो. तोपर्यंत मुलाला घरात जाड ट्रॅक पँट, आणि दोघं एकत्र असताना एक मोठं माणूस त्याच खोलीत, मोबाईलमध्ये डोकं न घालता.

चघळायला रोज काहीतरी द्यावंच लागेल. जुन्या फडक्याला पीळ देऊन गाठी मारा, भिजवून फ्रीझरमध्ये ठेवा, हिरड्यांना थंड लागतं. फ्रीजमधलं अख्खं गाजर चालतं. विकतचं काही घेताना नखाने दाबून बघा, नखाचा वण उठला पाहिजे, त्याहून कडक वस्तूने दात तुटतात. मटणाची शिजवलेली हाडं अजिबात नकोत, त्यांच्या कपच्या होतात आणि आतड्यात जातात. आणि जुनी चप्पल खेळायला देऊ नका, जुनी कुठली आणि परवा घेतलेली कुठली हे त्याला कसं कळणार. सासूबाईंच्या गाऊनचा घेर त्याला हलताना दिसतो म्हणून तो लटकतो, तर त्या किचनमधून निघायच्या आधीच त्याच्या तोंडापाशी दोरीचं खेळणं येऊ द्या, लटकल्यावर नाही. एक आगाऊ इशारा, चार महिन्यांच्या आसपास दुधाचे दात पडायला लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात, मधे कधीतरी चावणं परत वाढेल. तेव्हा घाबरून नवा उपाय शोधू नका, हाच चालू ठेवा.

आता शू. इथे तुमच्या बिचाऱ्या पिल्लाची बाजू घ्यावीच लागेल, कारण त्याने तुम्ही शिकवलेलंच केलंय. तुम्ही पेपर टाकले, तो पेपरवर करायला लागला, शाबासकी मिळाली. मग सासरे सकाळी जमिनीवर पेपर पसरून वाचायला बसतात, तो येऊन त्याच्यावर करतो आणि फटका खातो. त्याच्या दृष्टीने पेपर म्हणजे संडास, त्यात बातम्या असतात हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. पिल्लू जागेपेक्षा पायाखाली काय लागतं ते आधी लक्षात ठेवतं. पायपुसणं, बाथरूमबाहेरची मॅट, सोफ्यावरची चादर, सगळं त्याला मऊ आणि शोषणारं लागतं, म्हणून तिथे. तर मॅटा महिनाभर उचलून ठेवा, आजोबांचा पेपर टेबलावर, आणि बाल्कनीत एक मोठा ट्रे घेऊन त्यात आर्टिफिशियल ग्रास टाका, रोज धुवायचा. पहिल्या दिवशी त्याच्याच शूचं भिजलेलं फडकं त्यावर ठेवा.

मजला सतरावा, लिफ्ट येईपर्यंत पाच मिनिटं, बाहेर धो धो पाऊस. लॅब पाण्यातला कुत्रा म्हणतात पण पावसात शू करायला नको म्हणणारे लॅब मी भरपूर बघितलेत. शिवाय लसी पूर्ण नाहीत. पार्वोचा (पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या आजाराचा) विषाणू मातीत महिनोनमहिने जिवंत राहतो, तेव्हा शेवटचा पप्पी डोस साधारण १६ आठवड्यांना होईपर्यंत भटकी कुत्री जातात त्या जागी त्याला जमिनीवर सोडू नका. म्हणजे सध्या तरी बाल्कनी हेच ठिकाण. तुम्ही तळमजल्यावर राहत असता, अंगण असतं, तर मी वेगळं सांगितलं असतं.

वेळा चार पक्क्या. उठल्या उठल्या, खाल्ल्यावर दहा-वीस मिनिटांत, खेळ संपल्यावर, आणि झोपायच्या आधी. या वयात दिवसा जागं असताना दर तासाला एकदा नेलं तर चुकत नाही. किती तास धरून ठेवता येईल याचा ढोबळ अंदाज म्हणजे वयाचे महिने अधिक एक, तोही झोपेत आणि जास्तीत जास्त, म्हणजे रात्रीतून एकदा कुणाला तरी उठावं लागेल. पाणी काढून घेऊ नका, तो उपाय नाही. ट्रेपाशी न्या, गप्प उभ्या राहा, करायला लागला की हळू आवाजात ‘शू शू’ म्हणा, संपल्या संपल्या तिथेच खाऊ. किचनमध्ये येऊन डब्यातून काढून दिलात तर त्याच्या लेखी ते किचनमध्ये आल्याचं बक्षीस. म्हणून खाऊची छोटी डबी बाल्कनीच्या खिडकीतच ठेवा.

आणि खाली जाऊन वर येऊन शू करतो, त्याचं काय. तुम्ही लिहिलंय की त्याने खाली केली रे केली की लगेच लिफ्टमध्ये, कारण ऑफिसला उशीर. म्हणजे त्याला कळलं की शू केली की मजा संपते. मग हुशार पिल्लू काय करेल, धरून ठेवेल. लसी झाल्यावर खाली न्याल तेव्हा क्रम उलटा करा, आधी एकाच कोपऱ्यात कंटाळवाणं उभं राहायचं, शू झाली की मग फिरणं, वास घेणं, मजा. नाहीच केली तर वर आणून मोकळं सोडू नका, प्ले पेनमध्ये किंवा मांडीवर दहा मिनिटं, आणि परत. लॅब माणूस आला की आनंदानेही दोन थेंब सोडतो, ती शू वेगळी, त्याला रागावू नका, वाकून डोक्यावर हात फिरवण्याऐवजी बाजूला बसून भेटा, वयाने जाते.

नाक घासण्याबद्दल. सासूबाईंना वाटतं त्याला चूक कळते, कारण ओली जागा दाखवली की तो कान पाडून, डोळे बारीक करून बसतो. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजच्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी नेमका याचाच प्रयोग केला होता, त्यात असं दिसलं की तो ‘चोरटा’ चेहरा कुत्र्याने चूक केली की नाही यावर ठरत नव्हता, मालक रागावला की नाही यावर ठरत होता. काही न केलेले कुत्रेही रागावल्यावर तोच चेहरा करत होते. नाक घासून पिल्लू शिकतं ते एवढंच की माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं, आणि बाल्कनीत तुम्ही समोर उभ्या असलात तर करतच नाही, म्हणजे शिकवायची संधीही गेली. डोळ्यादेखत सुरू झाला तर उचलून ट्रेवर न्या. नंतर सापडली तर गपचूप पुसा. पुसताना नुसतं फिनाइल पुरत नाही, आपल्याला वास गेला वाटतं, त्याच्या नाकाला जात नाही. पेट शॉपमध्ये एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते वापरा, आधी फडक्याने टिपून घ्या, मग ते ओतून लिहिलंय तितका वेळ राहू द्या. अमोनिया असलेलं काही नको, त्याचा वास त्याला लघवीसारखाच.

दुपारचं रडणं. हे नीट समजून घ्या, कारण इथे घाई केली तर पुढची दोन-तीन वर्षं निस्तरावं लागतं. सुट्टीभर घरात चोवीस तास माणसं होती. जूनमध्ये शाळा-ऑफिस सुरू झालं आणि दुपारी एकदम दार बंद. पिल्लाला एकटं राहणं उपजत येत नाही, शिकवावं लागतं. ‘रडू दे, आपोआप गप्प होईल’ हा सल्ला मी सरसकट देत नाही. आधी एक काम करा, जुना मोबाईल हॉलमध्ये लावून दुपारचा व्हिडिओ काढा. तो दहा मिनिटं कुरकुर करून खेळण्याशी खेळत झोपत असेल तर ती नुसती तक्रार आहे, तिला फार किंमत देऊ नका. पण तोंडातून लाळ गळतेय, दार ओरबाडतोय, ठेवलेल्या चिकनच्या तुकड्याला तोंडही लावत नाहीये, तर ती घबराट आहे, आणि घाबरलेल्या पिल्लाला रडू देऊन ते धीट होत नाही.

तुमच्याकडे सोपा उपाय आहे कारण घरात माणसं आहेत. आजी-आजोबांच्या खोलीचं दार लावू नका, दाराला गेट लावा. तो बाहेर, ते आत पलंगावर, पण दिसतात, घोरणं ऐकू येतं. बऱ्याच पिल्लांना तेवढंच पुरतं. मग रोज थोडं थोडं अंतर वाढवा, त्याचं अंथरूण गेटपासून हातभर लांब, आणखी हातभर, मग दार अर्धं ओढलेलं. याच्या जोडीला घराच्या मुख्य दाराचा सराव, तोही तो जेवून, शू करून, पेंगुळलेला असताना. चावी उचलली, ठेवली, बसलात. दार उघडलं, बंद केलं, बसलात. बाहेर गेलात, पाच सेकंदांत आत. तो रडायच्या आत परत यायचं ही यातली मेख आहे. रबराचं पोकळ खेळणं मिळतं, त्यात दही आणि त्याचंच भिजवलेलं खाणं भरून फ्रीझरमध्ये ठेवा, ते फक्त एकटं असतानाच द्यायचं. हा सराव होईपर्यंत सगळ्यांनी मिळून मॉलला जाणं बंद, एकाने घरी थांबायचं. किती दिवस लागतील हे पिल्लावर आहे, मी आकडा सांगितला तर तो खोटा असेल. रात्री त्याचं अंथरूण तुमच्या पलंगाशेजारी घ्या, हॉलमध्ये एकटं नको, त्याने लाडावत नाही.

गुरगुरण्यावर थोडक्यात, पण हे सगळ्यात गंभीर होऊ शकतं. त्याने मोजा उचलला की तुमच्या घरात सगळे पाठलाग करतात, कोपऱ्यात गाठतात, जबडा उघडून मोजा काढतात. दोन महिने हे बघून तो शिकला की माणसाचा हात जवळ आला की वस्तू जाते. आता अदलाबदल करा. उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा नाकाशी, तोंड उघडलं की ‘दे’ म्हणा, मोजा घ्या, आणि जमेल तेव्हा वस्तू परतही द्या (त्याचं खेळणं, मोजा नाही). गुरगुरला म्हणून मारू नका. गुरगुर म्हणजे तो सांगतोय की मला भीती वाटतेय, लांब राहा. मारून ते सांगणं बंद करता येतं, भीती जात नाही, मग एक दिवस न सांगता दात लागतो आणि लोक म्हणतात अचानक चावला.

शिक्षेचं इथेच संपवते. पेपरची गुंडाळी, तोंडात मिरची, मान धरून उताणं पाडणं, यातलं काहीही नको. उताणं पाडायचा सल्ला येतो तो ‘तुम्ही अल्फा बना’ या समजुतीतून, आणि ती आली एकमेकांना न ओळखणारे लांडगे एका पिंजऱ्यात कोंडून केलेल्या जुन्या निरीक्षणांतून. लांडग्यांचा अभ्यास करणाऱ्या ज्या डेव्हिड मीच (Mech) यांच्या लिखाणामुळे ‘अल्फा’ शब्द गाजला त्यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला लांडग्यांचा कळप म्हणजे मुळात आई-बाप आणि त्यांची पिल्लं, मारामारी करून कुणी राजा होत नाही. ट्रेनर बोलवणार असाल तर पहिल्याच फोनवर विचारा, कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता. उत्तरात चोक चेन (गळा आवळणारी साखळी) किंवा झटका आला तर धन्यवाद म्हणून फोन ठेवा.

पाच माणसांची पाच उत्तरं हा मात्र खरा अवघड भाग. तुम्ही सोफ्यावरून उतरवता, आजोबा चढवतात. तुम्ही म्हणता ‘नो’, सासूबाई ‘हट मेल्या’, मुलगा ‘ब्रुनोओओ’. जेवताना तो भुंकला की कुणीतरी गपचूप पोळीचा तुकडा टाकतं. आणि कधी मिळतो, कधी नाही, असा तुकडा सर्वात वाईट, कारण मग तो जास्त चिवटपणे भुंकतो. तुम्ही द्यायचं बंद केलंत की आधी दोन-चार दिवस भुंकणं वाढेल, तेव्हा हार मानली तर त्याला कळेल की एवढं भुंकायला लागतं. म्हणून बंद करायचं तर सगळ्यांनी एकाच दिवशी. शब्दांचा एक कागद फ्रीजवर चिकटवा, ‘बस’, ‘ये’, ‘दे’, ‘थांब’, चार पुरे.

घरातल्या मोठ्यांना ‘असं करू नका’ सांगून भांडणं होतात, असा माझा अनुभव आहे, त्यांना काम द्या. सासूबाईंच्या हातात त्याच्या तिन्ही जेवणांची वाटी सोपवा. वाटी वर धरायची, तो टेकला की ‘बस’, मग खाली ठेवायची. आठवड्याभरात तो सगळ्यात जास्त त्यांचं ऐकेल, आणि मग नाक घासायची भाषा त्याच बंद करतील, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय. पोळीचा तुकडा द्यायचाच असेल तर त्या वाटीत. फक्त कांदा-लसूण घातलेलं काही नको, चॉकलेट, द्राक्षं-मनुका नकोत, आणि शुगर-फ्री गोळ्या किंवा च्युइंगम त्याच्या हाती लागू देऊ नका, त्यातलं झायलिटॉल कुत्र्यांना जीवघेणं असतं. प्रसादाच्या शिऱ्यात मनुका असतात हे विसरायला होतं.

अजून एक काम या दोन-तीन आठवड्यांतच होण्यासारखं आहे. पिल्लाचं मन नव्या गोष्टींना सगळ्यात मोकळं असतं ते साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत, म्हणजे तुमचा वेळ संपत आलाय. जमिनीवर सोडायचं नाही, पण कडेवर घेऊन गेटपाशी उभं राहायला काय हरकत आहे. हेल्मेटवाला डिलिव्हरीवाला, कचऱ्याची गाडी, छत्र्या, वॉचमनकाकांची काठी, बसचा हॉर्न. लांबून दाखवा आणि प्रत्येकाबरोबर खाऊ. ढोल-ताशे आणि फटाक्यांचे आवाज मोबाईलवर अगदी बारीक आवाजात, जेवताना. गणपती येतायत, मग दिवाळी.

सोसायटीच्या नोटीसला उत्तर द्या, घाबरू नका. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटी पाळीव कुत्रा ठेवायला बंदी घालू शकत नाही, भुंकतो हे त्यासाठी कारण धरता येत नाही. पण कायद्याचा कागद घेऊन आधी जाऊ नका. खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे असं तुम्हीच लिहिलंय, त्यांची दुपार खरंच खराब होतेय. त्यांच्याकडे जा, तुमचा नंबर द्या, सांगा की आम्ही यावर काम करतोय, आवाज झाला तर आम्हाला फोन करा. मग कमिटीला चार ओळींचं पत्र, लसीकरणाच्या आणि महापालिकेच्या लायसन्सच्या कॉपीसकट (लायसन्स काढलं नसेल तर आधी काढा).

गावी सोडायचं म्हणाल तर, तुमचं गाव संगमनेरजवळ. त्या पट्ट्यात बिबटे वस्तीपर्यंत येतात आणि कुत्री उचलतात, रात्री ओसरीवर बांधलेलं फ्लॅटमधलं लॅब तिथे टिकेल असं मला वाटत नाही. खरंच झेपत नसेल, आणि नसेलही, पाच माणसांच्या घरात कुत्र्याचं सगळं बहुतेक एकाच बाईवर पडतं, तर तो सहा महिन्यांचा व्हायच्या आत ओळखीतलं, घर बघितलेलं कुटुंब शोधून त्यांच्या हातात द्या, त्याच्या सवयी खऱ्या खऱ्या सांगून. पण त्याआधी एक आठवडा वही करा. कधी झोपला, कधी उठला, कधी खाल्लं, शू कुठे झाली, चावला तेव्हा किती वाजले होते आणि त्याआधी काय चाललं होतं. ती वही आणि दुपारचा व्हिडिओ इथे टाका, त्यावरून पुढचं सांगता येईल. व्हिडिओत तो दार ओरबाडताना दिसला तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, वागणुकीचे प्रश्न हाताळणाऱ्या व्हेटची वेळ घ्या.